कंदील, निळं कडं आणि विषारी वायू ओळखणारा उजेड

मामा कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत कोअर शॉपला होते. दुसरी पाळी नसली की संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून ओसरीवर बसायचे, वर टांगलेल्या बल्बकडे बघायचे आणि म्हणायचे, "आज परत कडं आलंय बघ दिव्याला." निळसर, धुरकट, पावसाळ्यात चंद्राभोवती खळं पडतं तसं. आम्हाला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण सकाळी उठले की सगळं लख्ख. पुढे मी रसायनशास्त्र शिकवायला लागलो आणि एकदा वर्गासाठी वाचताना ते कडं मला पुस्तकात सापडलं. मामांचे डोळे चांगलेच होते. ते कडं अमाइन जातीच्या एका रसायनाच्या वाफेचं होतं.

इंजिनाचा ब्लॉक किंवा पंपाची बॉडी आतून पोकळ ओतायची असेल, तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा आधी तयार करावा लागतो. तोच कोअर. 'कोल्ड बॉक्स' पद्धतीत वाळूला दोन प्रकारचं रेझिन लावून ती पेटीत भरतात आणि तिच्यातून ट्रायइथाइल अमाइनसारख्या पदार्थाची वाफ सोडतात. काही सेकंदांत वाळू दगडासारखी कडक होते. वाफ मात्र त्यात खर्च होत नाही. ती फक्त क्रिया घडवून आणते आणि जशीच्या तशी बाहेर पडते. ती ओढून घेऊन आम्लाच्या पाण्यात धुवायची व्यवस्था असावी लागते. ओढणारा पंखा कमजोर असला की ती शॉपमध्येच पसरते. सडक्या मासळीसारखा वास येतो आणि डोळ्यांच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा किंचित सुजतो. अशा पडद्यातून उजेड सरळ न जाता विखुरतो, म्हणून दिव्याला कडं दिसतं. काही तासांनी सूज उतरते आणि कडंही जातं.

"वास येत नव्हता का?" मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "पयल्या दिवशी आला. मग नाकाला कळंचना."

मला वाटतं, या विषयाचं मूळ याच वाक्यात आहे. विषारी वायूंच्या बाबतीत नाक हा भरवशाचा साक्षीदार नाही. सर्वांत धोकादायक उदाहरण हायड्रोजन सल्फाइडचं. गटाराचं चेंबर, मळीची टाकी, डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा खड्डा, जिथे सेंद्रिय घाण हवेशिवाय कुजते तिथे हा वायू तयार होतो. सडक्या अंड्याचा वास. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक शतांश भाग असला तरी बऱ्याच जणांच्या नाकाला कळतो. पण प्रमाण दहा लाखांत शंभरच्या आसपास गेलं की वास घेणारी यंत्रणाच बधिर होते. माणसाला वाटतं, वास गेला, आता हरकत नाही. तोच क्षण जिवावरचा असतो. पाचशेच्या पुढे माणूस जागेवर कोसळतो, हजाराला एकदोन श्वासही पुरतात. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहणारा. म्हणून आत उतरलेला पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. माणसाला असं गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरीही अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. हे लिहिताना हात जड होतो.

'दहा लाखांत एक' म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. पन्नास किलो साखरेच्या पोत्यात पन्नास मिलिग्रॅम काहीतरी मिसळलं, तर ते दहा लाखांत एक झालं. चिमूटसुद्धा नाही.

कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. साच्यात लोखंडाचा रस ओतला की वाळूतलं रेझिन जळून तो निघतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. हुपरीसारख्या चांदीच्या गावात तेजाबात चांदी विरघळवताना उठणारा तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो दिसतो, वासही येतो, पण त्याची खोड वेगळीच आहे. घशाला थोडी जळजळ होते, माणूस घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरायला लागतं.

मग नाकाऐवजी कोणावर विसंबायचं? आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी याचं एक उत्तर फार पूर्वीच शोधलेलं आहे. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. हवेत प्राणवायू साधारण एकवीस टक्के असतो. तो सोळा टक्क्यांच्या खाली आला की ज्योत तग धरत नाही. उजेड विझणं हाच इशारा. पण कंदिलाला हायड्रोजन सल्फाइड कळत नाही, कार्बन मोनॉक्साइडही कळत नाही, आणि खाली मिथेन असेल तर कंदील स्वतःच स्फोट घडवेल. म्हणून आज कोणी हा उपाय करू नये. त्यामागची कल्पना मात्र लक्षात ठेवा. हवेत काहीतरी बदललं की उजेड बदलतो. प्रयोगशाळांमध्ये आज जे चमकणारे पदार्थ तयार होतात, ते याच कल्पनेवर चालतात. तिथे ज्योत नसते, रेणूच चमकतात.

चमकणारे रेणू तुम्ही पाहिलेले आहेत. गुजरीत सोनं घ्यायला गेलात की सराफ पाचशेची नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो. नोटेवरचे आकडे आणि कागदातले बारीक धागे झळकतात, बाकी कागद काळवंडलेलाच राहतो. तिथेच ठेवलेला बिलाचा साधा कागद मात्र निळसर चमकतो, कारण तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घातलेलं असतं. त्या दिव्यातून मुख्यतः अतिनील किरण येतात. ते आपल्याला दिसत नाहीत. शाईतला रेणू ते गिळतो आणि दिसणारा उजेड बाहेर टाकतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात, इंग्रजी नाव फ्लुरोसन्स.

हे घडतं कसं? रेणूतला इलेक्ट्रॉन अतिनील किरणाचा धक्का खाऊन एकदम माळ्यावर जातो. तिथे तो थोडा घसरतो, आणि त्या घसरण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. मग माळ्याच्या कडेवरून खाली उडी मारतो. या उडीची ऊर्जा उजेड म्हणून बाहेर पडते. चढताना घेतलेल्यापेक्षा उतरताना दिलेली ऊर्जा कमी, म्हणून बाहेर येणाऱ्या उजेडाची तरंगलांबी जास्त. न दिसणारं अतिनील आत जातं, दिसणारं निळं-हिरवं बाहेर येतं. हा सगळा खेळ सेकंदाच्या अब्जांश भागांत आटोपतो. १८५२ साली जॉर्ज स्टोक्सने क्विनाइनच्या द्रावणावर हे दाखवलं आणि फ्लोरस्पार या खनिजावरून त्याला फ्लुरोसन्स हे नाव दिलं. फौंड्रीवाल्यांना फ्लोरस्पार वेगळ्याच कामासाठी माहीत असतो, भट्टीतली मळी पातळ करायला तो वापरतात. आपल्या ओळखीचा दगड या गोष्टीत सुरुवातीपासूनच आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता वायूकडे येऊ. इलेक्ट्रॉन माळ्यावर असताना एखादा परका रेणू शेजारी आला आणि त्याने ती ऊर्जा परस्पर पळवली, तर उडी पडते पण उजेड येत नाही. चमक विझते. काही वेळा तो परका रेणू आपला इलेक्ट्रॉन देऊन खालची जागाच अडवतो, तरी परिणाम तोच. जितके परके रेणू जास्त, तितकी चमक कमी. हे नातं ओटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये गणितात मांडलं. म्हणजे चमक किती मंदावली हे मोजलं की वायू किती आहे ते कळतं. काही रंगद्रव्यं अमाइनच्या वाफेने अशीच विझतात, कारण अमाइन इलेक्ट्रॉन द्यायला नेहमी तयार असतं. मामांच्या शॉपमध्ये जे पसरायचं, ते या रेणूंना लगेच कळलं असतं.

पण एका रेणूने एकाचीच चमक विझवली, तर दहा लाखांत एक एवढ्या थोड्या वायूने फरक कितीसा पडणार? इथे एक सुंदर युक्ती आहे. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ टिमोथी स्वॅगर यांनी १९९० च्या दशकात ती विकसित केली. सुटे चमकणारे रेणू न वापरता ते एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या. ऊर्जा या साखळीवरून वाहत जाते. उसाच्या पाटाचं उदाहरण घ्या. पाणी पाटाने सरीकडे निघालंय, आणि पाटाच्या कडेला कुठेतरी एक उंदराचं बीळ आहे. पाणी पाटभर वाहतं, पण ते बीळ भेटलं की सगळं तिथेच मुरतं, पुढची सरी कोरडी. साखळीवर कुठेही एक वायूचा रेणू चिकटला की तो असा बीळ होतो आणि शेकडो दुव्यांची चमक एकदम जाते. स्फोटकांतल्या टीएनटीची अत्यंत विरळ वाफ ओळखणारं हातात धरायचं यंत्र याच युक्तीवर तयार झालं.

दुसरी युक्ती जागेची. वायू पृष्ठभागावरच भेटणार, म्हणून पृष्ठभाग वाढवायचा. धातूचे अणू गाठींसारखे आणि कार्बनी रेणू दांड्यांसारखे जोडून पोकळ्यांनी भरलेले स्फटिक तयार करता येतात. त्यांना मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क म्हणतात. अशा काही ग्रॅम भुकटीच्या आतला पृष्ठभाग पसरला, तर शाहू स्टेडियमचं फुटबॉलचं मैदान झाकेल. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल या पदार्थांसाठीच सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. यातले काही स्फटिक चमकतात. पोकळीचं तोंड एखाद्या वायूच्या मापाचं ठेवता येतं, म्हणजे मोठे रेणू दारातच अडतात. याआधी २०२३ चं नोबेल क्वांटम डॉट्सना मिळालं होतं. हे अतिसूक्ष्म कण केवळ आकार बदलला की वेगळ्या रंगात चमकतात, आणि त्यांचीही चमक काही वायूंनी बदलते.

इथवर वाचून वाटेल की प्रश्न सुटला. मला तसं वाटत नाही. विझणाऱ्या उजेडावर माझा पूर्ण विश्वास नाही, आणि कारण पुन्हा त्या कंदिलातच आहे. कंदील विझला. प्राणवायू नव्हता म्हणून, की वारं आलं, की घासलेट संपलं? चमकही अशीच. वायूने मंदावते, उष्णतेने मंदावते, दिव्याची बॅटरी उतरली तरी मंदावते, रंग उन्हाने उडाला तरी मंदावते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे हवेतला प्राणवायू स्वतःच कित्येक रेणूंची चमक विझवतो. विशेषतः ज्या रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन माळ्यावर जास्त वेळ रेंगाळतो, त्यांची. अर्थात या खोडीचाही उपयोग झालाय. प्लॅटिनम किंवा रुथेनियम असलेले असे रंग बसवून पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजणारी मीटरं करतात. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांत ती आज रोज काम करतात. चमकणाऱ्या पदार्थांनी प्रयोगशाळेबाहेर येऊन कमावलेली ही पक्की जागा आहे.

म्हणून मला विझणाऱ्यापेक्षा पेटणारा रेणू जास्त आवडतो. हायड्रोजन सल्फाइडसाठी २०११ साली रसायनशास्त्रज्ञांनी असे रेणू दाखवले. रेणूच्या एका टोकाला नायट्रोजनच्या तीन अणूंचा गट, अझाइड, बसवायचा. तो असेपर्यंत रेणू अंधारात. हायड्रोजन सल्फाइड त्या गटावर क्रिया करून त्याचं अमाइन करतो आणि रेणू झळकतो. हे मूळचं जिवंत पेशींत डोकावण्यासाठी केलेलं काम, पण तत्त्व तेच. अंधारात उजेड उगवला, तर तो वाऱ्याने उगवला असं कोणी म्हणणार नाही. कार्बन मोनॉक्साइडसाठी पॅलॅडियम धातूचा आधार घेऊन २०१२ मध्ये असाच पेटणारा रेणू तयार झाला. हा वायू रसायनदृष्ट्या मोठा अबोल, सहसा कुणाशी क्रिया करत नाही. धातूशी मात्र त्याचं जमतं. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला तो चिकटतो, तोच स्वभाव इथे त्याला पकडून देतो.

पण पेटणाऱ्या रेणूतही एक खोट आहे, आणि ती गंभीर आहे. पट्टी जुनी होऊन निकामी झाली, तर ती अंधारीच राहील. बघणारा समजेल, हवा चांगली आहे. त्यामुळे जाणकार लोक एकाच पट्टीत दोन रंग घालतात. एक वायूने बदलणारा, दुसरा काहीही झालं तरी तसाच राहणारा. मोजायचं ते दोघांचं गुणोत्तर. दिवा कमजोर झाला तर दोन्ही मंदावतात आणि गुणोत्तर तेच राहतं. वायू आला तर एकच बदलतो, आणि हिरवी पट्टी लाल होताना डोळ्याला दिसते. पट्टी मेली तर दोन्ही जातात आणि ती मेलीय हे कळतं. जिवाशी गाठ असलेल्या ठिकाणी याहून कमी काही मी मान्य करणार नाही.

काही क्रिया परत फिरतात, काही फिरत नाहीत, हाही फरक ध्यानात ठेवावा. अझाइडचं एकदा अमाइन झालं की झालं. अशी पट्टी दिवसभरात एकूण किती वायू अंगावर आला ते सांगेल, पण हवा पुन्हा स्वच्छ झाली हे सांगणार नाही. दोन्हींचा उपयोग आहे, पण वेगवेगळ्या जागी.

उजेडाने वायू ओळखण्याची एक शाखा मात्र केव्हाच सरकारी कामात रुळलीय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या हवेच्या मानकांत सल्फर डायऑक्साइड मोजण्याची एक मान्य पद्धत अतिनील प्रतिदीप्तीची आहे. इथे वेगळा रंग लागत नाही, वायूच चमकतो. सुमारे २१४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडले की सल्फर डायऑक्साइडचा रेणू स्वतः चमकतो. साखर कारखान्यात रस शुद्ध करायला गंधक जाळून हाच वायू त्यात सोडतात, त्यामुळे हंगामात कारखान्याच्या वाटेवरून जाणाऱ्याला त्याची ओळख असते. त्याची दिवसाची मर्यादा एका घनमीटर हवेत ८० मायक्रोग्रॅम. नायट्रोजन डायऑक्साइडचीही तेवढीच, आणि त्याची पद्धत आणखी सुरेख आहे. आधी त्याचं नायट्रिक ऑक्साइड करायचं, मग त्यात ओझोन मिसळायचा. दोघांच्या क्रियेतून आपोआप उजेड निघतो, बाहेरून दिवा लागत नाही. राधानगरीच्या जंगलात पावसाच्या तोंडावर काजवे लुकलुकतात, तेही असंच रासायनिक क्रियेतून. ही यंत्रं अचूक आहेत, पण मोठ्या खोक्यात बसतात आणि त्यांना सतत देखभाल लागते. कोअर शॉपच्या भिंतीवर किंवा गटाराच्या तोंडाशी ती कोण नेणार? तिथे आज उपयोगी पडतं ते खिशाला लावायचं चार वायूंचं मीटर, मुख्यतः रासायनिक सेलवर चालणारं. चमकणाऱ्या पट्ट्या अजून त्याची जागा घेऊ शकत नाहीत, आणि कोणी तसं सांगून विकत असेल तर घेऊ नका. मला त्यांच्याकडून अपेक्षा आहे ती वेगळी. मीटर एकाच्याच खिशाला असतं, पट्टी प्रत्येकाच्या कॉलरला लावता येईल इतकी स्वस्त होऊ शकते.

मागच्या उन्हाळ्यात मामांना हे सगळं सांगत होतो. ते ऐकून म्हणाले, "म्हंजे आमचा कंदीलच की रं." म्हटलं, थांबा, दाखवतो. स्वयंपाकघरातली हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळली, गाळली, त्यात पांढरा टिपकागद बुडवून वाळवला. खोलीत अंधार करून नोटा तपासायची जांभळी बॅटरी त्यावर धरली. कागद पिवळसर हिरवा झळकला. हळदीतल्या करक्युमिनची ही चमक. (ही बॅटरी डोळ्यांवर मात्र कधी धरू नये.) मग कागद किंचित ओलसर करून खिडकीशी अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर धरला. अमोनिया म्हणजे अमाइनचा सख्खा भाऊ. क्षणात कागद तांबूस झाला आणि बॅटरीखाली त्याची चमक मंदावली. "कुंकवागत झालं," मामी म्हणाल्या, आणि ते अगदी बरोबर होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तेव्हाही हाच रेणू अल्कलीने लाल होतो. कागद पंख्याखाली धरला. अमोनिया उडून गेला, पिवळेपणा परत आला आणि चमकही.

मामांनी तो कागद स्वतःच्या हातात घेतला, तीन-चार वेळा तेच करून बघितलं. मग विचारलं, "आनी पावसात?"

या क्षेत्रात काम करणारे सगळे ज्याच्याशी झुंजतायत, तोच हा प्रश्न. कोरड्या कागदावर अमोनियाचा परिणाम जेमतेम होतो, ओलसर कागदावर चटकन, कारण वायू आधी पाण्यात विरघळावा लागतो. म्हणजे वायू तेवढाच असला तरी मे महिन्यात कागद एक सांगेल आणि जुलैत दुसरंच. पोकळ स्फटिकांतले काही तर दमट हवेने ढासळतात. त्यावर उपाय म्हणून पट्टीवर सिलिकोनचा पातळ पडदा देतात, त्यातून वायू जातो पण पाण्याचे थेंब जात नाहीत. पाण्याची वाफ मात्र थोडी जातेच. शिवाय पडदा जाड केला तर वायूलाही आत यायला वेळ लागतो, आणि हायड्रोजन सल्फाइड तेवढा वेळ देत नाही.

"मग पावसाळ्यात बी एकदा करून बघू," मामा म्हणाले आणि कागद घडी करून कॅलेंडरच्या मागे ठेवला. जुलैत आम्ही तो काढला. भिंतीची ओल लागून तो बाटलीजवळ नेताच लालभडक झाला, उन्हाळ्यापेक्षा कितीतरी लवकर. मामांनी त्यावर पेनने तारीख लिहिली आणि शेजारी 'ओला' असा शब्द.